दुर्बळांचें रक्षण : दान कीं ऋण?

पनवेलजवळील नावडे हें आज धड खेडें नाहीं व धड शहरही नाहीं. एका अंगास जुनें गांवठाण, दुसऱ्या अंगास सिडकोची वसाहत, पलीकडे तळोजा औद्योगिक क्षेत्राचे कारखाने, आणि दिवा-पनवेल लोहमार्गावर गांवाच्याच नांवाचें स्थानक, अशी त्याची रचना आहे. ता. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां हें गांवही तिच्या हद्दींत आलें. गांवठाणांत कोणाच्या घरीं कोण अंथरुणास खिळलें आहे हें सर्वांस ठाऊक असतें. वसाहतींत मात्र एकाच जिन्यानें चढउतार करणाऱ्या कुटुंबांस पुष्कळदां एकमेकांचीं नांवेंही माहीत नसतात.

येथून जवळच, खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोगावर उपचार व संशोधन करणारी संस्था आहे. तेथें रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेलीं लहान मुलें येतात, अस्थिमज्जेचें प्रत्यारोपण झालेले रुग्ण येतात, आणि उपचार पुष्कळ महिने चालत असल्यामुळें दूरदूरच्या कुटुंबांस ह्याच आसमंतांत बिऱ्हाड करून राहावें लागतें. म्हणजे ज्यांच्या शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति क्षीण झाली आहे अशीं माणसें आपल्याच रस्त्यानें चालतात, आपल्याच दुकानांत मीठ-मिरची घेतात, आणि रिक्षांत आपल्याच मुलांशेजारीं बसतात. ह्या स्थितींतून जो प्रश्न उत्पन्न होतो तो आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. ज्यास लस घेतां येत नाहीं, किंवा घेऊनही तिचा पुरता उपयोग होत नाहीं, त्याच्या रक्षणाचा भार कोणावर? आणि निरोगी मनुष्य त्याच्यासाठीं स्वतः लस टोंचून घेतो तेव्हां तो उपकार करितो, कीं देणें फेडितो?

नीतीचा निर्णय वस्तुस्थिति जाणल्यावांचून करूं नये. म्हणून प्रथम वस्तुस्थिति पाहूं. प्रतिकारशक्ति क्षीण होण्याचीं कारणें अनेक आहेत. कांहीं मुलें तो दोष जन्मतःच घेऊन येतात. कोणास एचआयव्हीचा संसर्ग असतो. कोणी कर्करोगावरील तीव्र औषधें घेत असतो. कोणाचें मूत्रपिंड बदललेलें असतें, व तें शरीरानें नाकारूं नये म्हणून त्यास प्रतिकारशक्ति दाबणाऱ्या गोळ्या नित्य घ्याव्या लागतात. कोणी संधिवातासाठीं किंवा दुसऱ्या एखाद्या व्याधीसाठीं स्टिरॉइड घेतो. कोणाची प्लीहा शस्त्रक्रियेनें काढलेली असते. ह्यांतील पुष्कळ जण दिसण्यांत तुमच्याआमच्यासारखेच असतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आमचा पुढील विचार तिच्यावरच उभा आहे.

लसी स्थूलमानानें दोन जातींच्या आहेत. पहिल्या जातींत रोगजंतु जिवंत, परंतु निर्बळ केलेला असतो. गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, रोटाव्हायरस, आणि तोंडांतून थेंबांनीं देण्याची पोलिओची लस, ह्या त्या जातीच्या होत. दुसऱ्या जातींत जंतु मेलेला असतो, किंवा त्याचा एखादा अंशच असतो. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, 'ब' प्रकारची कावीळ, न्यूमोकॉकस, टोंचून देण्याची इन्फ्लुएन्झाची व पोलिओची लस, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस, ह्या दुसऱ्या जातीच्या होत. निरोगी शरीर निर्बळ जंतूस सहज जिंकतें, व त्या जयांतूनच पुढील लढाईचें शिक्षण घेतें. परंतु ज्या शरीरापाशीं लढणारें सैन्यच नाहीं, त्यास हा निर्बळ शत्रूही भारी पडूं शकतो. मेलेल्या जंतूपासून असें भय नाहीं. तेथें उणीव इतकीच कीं, शिकणारें शरीर अशक्त असल्यामुळें शिक्षण अपुरें राहतें.

हें न जाणल्यामुळें लोकांत दोन चुका होतात. एक म्हणतो, 'हा आजारी; ह्यास कोणतीच लस नको.' दुसरा म्हणतो, 'लस ती लस. सर्वांस देतात तीच ह्यासही द्या.' पहिल्या मतानें रुग्ण मिळण्यासारख्या रक्षणास मुकतो, व दुसऱ्यानें संकटांत पडतो. खरी गोष्ट ही कीं, अशक्तासही लस पाहिजे, किंबहुना इतरांहून अधिक पाहिजे. मात्र कोणती व केव्हां, हें पाहूनच ती दिली पाहिजे.

उपचार सुरू होण्यापूर्वीं सवड असेल तर मेलेल्या जंतूंच्या लसी निदान २ आठवडे आधीं, व जिवंत जंतूंच्या निदान ४ आठवडे आधीं घ्याव्या, असा साधारण नियम आहे. परंतु लसीसाठीं कर्करोगाचा उपचार लांबणीवर टाकूं नये. प्लीहा काढावयाची असल्यास न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस ह्या जंतूंवरील लसी शस्त्रक्रियेपूर्वीं २ आठवडे मिळाल्या तर उत्तम. तीव्र उपचार चालू असतांना जिवंत जंतूंची लस घेऊं नये. इन्फ्लुएन्झाची टोंचण्याची लस मात्र दरवर्षीं घ्यावी. प्रौढ मनुष्य दररोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन १४ दिवस वा त्याहून जास्त घेत असेल, तर तें बंद झाल्यावर निदान एक महिना लोटेपर्यंत जिवंत लस टाळावी. कर्करोगावरील औषधें संपल्यावर निदान ३ महिने थांबावें लागतें, व कांहीं औषधांनंतर ६ महिने किंवा अधिक. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतर बालपणीं घेतलेल्या लसींचें शिक्षण शरीर बहुतेक विसरून जातें. तेव्हां साठ वर्षांच्या गृहस्थासही तान्ह्या मुलाप्रमाणें त्या पुन्हां घ्याव्या लागतात. मेलेल्या जंतूंच्या लसी सुमारें ६ ते १२ महिन्यांनीं सुरू होतात. जिवंत लसींस २ वर्षें तरी वाट पाहावी लागते, व तेव्हांही प्रकृति तशी असली तरच त्या देतात. एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या प्रौढाच्या रक्तांत सीडी-४ पेशी २०० हून कमी असतील तर जिवंत लस देत नाहींत.

कुत्रा चावल्यास मात्र कोणीही क्षणभर थांबूं नये. ती लस मेलेल्या जंतूची आहे, व कोणत्याही आजारांत ती वर्ज्य नाहीं. उलट, अशक्त मनुष्यास रक्त न येतां नुसतें खरचटलें असलें तरी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावें लागतें. म्हणून जखम साबणपाण्यानें धुऊन तडक दवाखाना गांठावा, व आपला आजार डॉक्टरांस सांगावा. हे नियम आम्ही येथें देत आहों ते वाचकांनीं स्वतःच वैद्य व्हावें म्हणून नव्हे. डॉक्टरांस काय विचारावें, व काय सांगण्यास विसरूं नये, एवढें कळावें हाच हेतु आहे.

परंतु हे सर्व नियम पाळूनही रुग्णाच्या भोंवतालची भिंत पुरी होत नाहीं. गोवराची लस त्यास चालत नाहीं. इतर लसी अर्ध्याच लागू पडतात. उरलेली भिंत इतरांच्या शरीरांनीं बांधावयाची असते. त्यांत पहिले घरचे लोक. त्यांनीं आपल्या सर्व लसी वेळेवर घ्याव्या, व इन्फ्लुएन्झाची दरवर्षीं घ्यावी. घरांतील निरोगी भावंडांस गोवराची व कांजिण्यांची लस जिवंत जंतूंची असली तरी द्यावी. कांजिण्यांच्या लसीनंतर अंगावर पुरळ उठलें तर तें जाईपर्यंत त्या मुलास रुग्णापासून दूर ठेवावें, इतकेंच. रोटाव्हायरसची लस घेतलेल्या तान्ह्याचे लंगोट रुग्णानें हाताळूं नयेत, व इतरांनीं हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. तोंडांतून देण्याच्या पोलिओच्या लसीची गोष्ट निराळी आहे. तिचे जंतु कित्येक आठवडे विष्ठेंतून बाहेर पडतात, व अशक्ताच्या शरीरांत शिरून दीर्घकाळ तेथें राहूं शकतात. म्हणून ज्या घरीं असा रुग्ण आहे त्या घरच्या बालकास सुईनें देण्याची लसच द्यावी, व ही गोष्ट परिचारिकेस आधीं सांगावी. ज्या थेंबांच्या बळावर आपल्या देशांतून पोलिओ गेला, ता. १३ जानेवारी २०११ नंतर ज्याचा नवा रुग्ण आढळला नाहीं व ता. २७ मार्च २०१४ रोजीं आपला प्रदेश ज्यापासून मुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें, तेच थेंब एखाद्या घरांत अपायकारक होऊं शकतात. शेजारधर्मास उत्साह पुरत नाहीं. त्यास ज्ञानाची जोड लागते, ती ही अशी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घरच्या माणसांचें कर्तव्य कोणी नाकारणार नाहीं. परंतु वरच्या मजल्यावरील अनोळखी मनुष्याचें काय? त्यानें लस घेतली तर ती दया म्हणावी काय?

येथें इतिहास आपणांस साहाय्य करितो. ता. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचण्यांत आली, व ती उत्तम लागली. भारतांतील हें पहिलें यशस्वी लसीकरण होय. त्या काळीं लांबच्या उष्ण प्रवासांत लस टिकत नसे; म्हणून एकाच्या दंडावरील फोडांतील द्रव्य घेऊन तें दुसऱ्याच्या दंडांत टोंचीत, व त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या. बगदाद व बसरा ह्या मार्गानें ती लस अशी दंडादंडानें मुंबईस पोंचली. अ‍ॅनाच्या दंडावरून ती मुंबईंतील आणखी पांच मुलांस मिळाली, व पुढें पुणें, सुरत, हैदराबाद इकडे गेली. त्या सांखळींतील प्रत्येकानें रक्षण घेतलें तें दुसऱ्याच्या शरीरांतून, आणि दिलें तें आपल्या शरीरांतून. बहुतेकांस आपण कोणाकडून घेतलें व कोणास दिलें हें ठाऊकही नव्हतें. पुढें लस बाटलींत आली, व ही गोष्ट डोळ्यांआड झाली. परंतु ती खोटी झाली नाहीं. भारतांत देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालीं आढळला, आणि १९८० सालीं सर्व जग त्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर देवीचा वण नाहीं, व तोंडावर देवीचे व्रणही नाहींत. हें सुख त्यांनीं मिळविलें नाहीं. ज्यांनीं दंड पुढें केला त्या असंख्य अनोळखी माणसांनीं तें त्यांच्यासाठीं ठेविलें.

तेव्हां आम्ही म्हणतों कीं हें दान नव्हे, ऋण आहे. ज्यांनीं आपणांस दिलें त्यांस परत देण्याची सोय नाहीं, कारण ते गेले. अशा ऋणाची फेड एकाच प्रकारें होते: ज्यास आज त्याची गरज आहे त्यास देऊन. खारघरच्या रुग्णालयांतून परत येणारें, डोक्यावरचे केस गेलेलें मूल आपल्या जिन्यांतून वर जातें, तेव्हां आपला सावकारच जणूं वसुलीस आलेला असतो. फरक इतकाच कीं तो कांहीं मागत नाहीं.

ह्यावर आक्षेप येतील, व ते ऐकून घेतले पाहिजेत. कोणी म्हणेल, 'माझें शरीर माझें आहे.' खरेंच आहे. ता. २ मे २०२२ रोजीं कोव्हिडच्या लसीसंबंधानें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कोणासही बळजबरीनें लस टोंचतां येणार नाहीं. त्याबरोबरच, सार्वजनिक आरोग्यासाठीं सरकार वाजवी निर्बंध घालूं शकतें, असेंही म्हटलें. हा निवाडा आम्हांस योग्य वाटतो. परंतु कायदा जेथें हात धरीत नाहीं तेथें कर्तव्य संपलें असें नव्हे. आईबापांची सेवा, आजाऱ्याची विचारपूस, दिलेल्या शब्दाचें पालन, ह्यांपैकीं फारच थोडें कायद्यानें करवितां येतें, आणि तरी ज्या घरांत हीं नाहींत त्यास आपण चांगलें घर म्हणत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'लसीनें कोणास अपाय होतच नाहीं काय?' क्वचित् होतो, व तो लपविणें अप्रामाणिकपणाचें आहे. आपल्याकडे क्षयरोगावरील बीसीजी जन्मतांच देतात, आणि बालकांस होणाऱ्या भयंकर क्षयापासून ती रक्षण करिते. परंतु जन्मतःच प्रतिकारशक्तीचा तीव्र दोष असलेल्या एखाद्या बालकाच्या सर्वांगांत त्या लसीचे जंतु पसरूं शकतात. आणि जन्माच्या दिवशीं तो दोष दिसत नसतो. येथें बहुतांच्या हितासाठीं एकाच्या जिवाची जोखीम घेतली जाते, हें कबूल केलें पाहिजे. त्यावर उपाय लस टाकण्यांत नाहीं, जाणण्यांत आहे. ज्या कुटुंबांत पूर्वींचें मूल तान्हेपणीं वारंवारच्या संसर्गांनीं दगावलें असेल, त्यांनीं पुढील बालकास बीसीजी वा दुसरी जिवंत लस देण्यापूर्वीं ही गोष्ट डॉक्टरांस सांगावी. मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेंत अशा जन्मजात दोषांची तपासणी होते. म्हणजे निरोग्यांनीं अशक्तांसाठीं लस घेणें हें जसें ऋण आहे, तसेंच सर्वांसाठीं चाललेल्या लसीकरणांत अशक्तास अपाय होऊं नये ही काळजी वाहणें हेंही समाजाचें ऋणच आहे. एक हप्ता भरून दुसरा बुडवितां येत नाहीं.

तिसरा आक्षेप आपल्या कानांवर नेहमीं येतो: 'ज्याची प्रकृति नाजुक त्यानें घरांत बसावें, जगानें त्याच्यासाठीं कां बदलावें?' ह्यास व्यवहाराचें उत्तर आधीं देतों. गोवर आलेलें मूल पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधींपासून इतरांस तो रोग देऊं शकतें, आणि त्याच्या श्वासांतील विषाणु खोलींतील हवेंत २ तासपर्यंत राहूं शकतात. म्हणजे ज्यास अजून कोणी आजारी म्हटलेलें नाहीं असें मूल ज्या दवाखान्याच्या खोलींतून निघून गेलें, तेथें मागाहून आलेला अशक्त रुग्णही सुरक्षित नाहीं. रुग्णानें औषधासाठीं तरी बाहेर पडलेंच पाहिजे. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईंत, विशेषतः गोवंडीच्या बाजूस, गोवराची सांथ आली व बालकें दगावलीं. आणि गोवंडीहून निघणारी हार्बर मार्गाची गाडी पनवेलास येते. गोवरास अडवावयाचें तर शंभरांतील सुमारें ९५ जणांस दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. उरलेल्या पांच जागा कोणासाठीं आहेत? ज्यांस ती लस घेतांच येत नाहीं त्यांच्यासाठीं. निरोगी मनुष्य आळसानें त्यांतील एक जागा अडवून बसतो तेव्हां तो आपली जोखीम घेत नाहीं. दुसऱ्याची जागा बळकावितो.

नीतीचें उत्तर ह्याहून खोल आहे. 'नाजुक मनुष्यानें सांगावें, मग आम्ही काळजी घेऊं,' असें पुष्कळ सज्जनही म्हणतात. ह्या सौम्य दिसणाऱ्या वाक्यांत एक कठोर अट दडलेली आहे. अशक्तानें आधीं आपलें दुखणें चारचौघांत उघडें करावें, मग त्यास रक्षण मिळावें, अशी ती अट आहे. एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या विधवेनें तें जिन्यांत सांगावें काय? मूत्रपिंड बदललेल्या कामगारानें कारखान्याच्या फाटकावर सांगावें काय? ज्या मुलीच्या लग्नाची बोलणीं चालू आहेत तिनें आपल्या गोळ्यांचीं नांवें सांगावीं काय? सांगितल्यावर कित्येकांच्या वांट्यास काळजीऐवजीं कुजबुज येते, व खोली रिकामी करण्याची सूचनाही येते. ता. १ मार्च २०२१ पासून कोव्हिडची लस ४५ ते ५९ वर्षांच्या आजारी लोकांस आधीं मिळूं लागली, तेव्हां त्यांस डॉक्टरांचा दाखला आणावा लागे. त्या वेळीं लस थोडी होती, व रांग लावणें भाग होतें. म्हणून तो दाखला न्याय्य होता. आणि आपल्या डॉक्टरांस व परिचारिकेस आजार सांगणें हें तर रुग्णाच्याच हिताचें आहे. परंतु शेजाऱ्याजवळ वाटून द्यावयाची अशी कोणती टंचाई आहे कीं त्यानेंही दाखला मागावा?

आमचें मत असें आहे कीं, दुर्बळांचें खरें रक्षण तेंच, ज्यासाठीं दुर्बळास आपली दुर्बळता जाहीर करावी लागत नाहीं. आपल्या जिन्यांत कोण अशक्त आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, व तें विचारण्याचा आपणांस अधिकार नाहीं. म्हणूनच प्रत्येक घरांत असा कोणी असेल असें धरून चाललें पाहिजे. लसीकरण ह्या बाबतींत इतर उपकारांहून श्रेष्ठ ठरतें. त्यांत देणाऱ्यास घेणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं, घेणाऱ्यास आभार मानावे लागत नाहींत, आणि कोणाची मान खालीं होत नाहीं.

शेवटीं दोन शब्द आचरणाविषयीं. आपल्या बालकास गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळाली काय, हें कार्ड काढून आजच पाहावें. दुसरी मात्रा विसरणारे फार असतात. घरांत ताप-पुरळ असलेलें मूल असल्यास त्यास शेजारीं खेळावयास पाठवूं नये. अशक्त रुग्ण गोवराच्या सान्निध्यांत आला असें कळल्यास त्यानें पुरळाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. ६ दिवसांच्या आंत इम्युनोग्लोब्युलिन मिळाल्यास उपयोग होतो. आशा सेविका किंवा परिचारिका दारीं आली तर तिला उंबऱ्यावरून परत लावूं नये. शंका असल्यास ती विचारावी, कारण शंका विचारणें हा अपमान नव्हे. आणि एखाद्या कुटुंबाच्या आजाराविषयीं कांहीं कानांवर आलें तर तें तेथेंच राहूं द्यावें.

हीं कामें लहान आहेत. त्यांत कीर्ति नाहीं, व एका सुईच्या टोंचणीपलीकडे फारसें दुःखही नाहीं. परंतु ज्या दिवशीं वरच्या मजल्यावरील आजारी मूल जिना उतरून बाहेर येतें, खेळतें, व कांहींएक न होतां परत जातें, त्या दिवशीं ह्या ऋणाचा एक हप्ता फिटलेला असतो. तो कोणीं फेडला हें त्या मुलाच्या आईस कधींही कळणार नाहीं, आणि कळण्याची गरजही नाहीं.